कोन घातलेलं ट्रम्पेट

मागावर काम करताना कुणी मागून खांद्याला हात लावला की मी हल्ली दचकतो. सुरतेत लिंबायतमधल्या आमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात हाक पोचत नाही, निरोप ओठांवरून वाचायचा. त्या संध्याकाळी मुकादमाचे ओठ हलले. "भटू..." एवढंच मी वाचलं आणि पुढचं वाचायची हिंमत झाली नाही. मान खाली घालून तुटलेला धागा जोडत बसलो. वाचलंच नाही तर खरं होणार नाही, असं काहीतरी वाटलं असावं.

भटू आणि मी दोघंही धुळ्याकडचे. सुरतेत शेजारशेजारच्या खोल्या घेतल्या, मध्ये एका विटेची भिंत. तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा आणि मी रातपाळीचा माणूस. सकाळी येऊन पडावं, दुपारी कुठे गाढ झोप लागावी, तर भिंतीपलीकडून वरात निघायची! एक दिवस तावातावाने भांडायला गेलो आणि चहा पिऊन परत आलो. मग मीच खात्यातून सुताचा रिकामा पुठ्ठ्याचा कोन आणला. रुंद तोंड बंद केलं, बाजूंना जुन्या चपलेच्या रबराच्या पट्ट्या चिकटवल्या आणि निमुळतं टोक ट्रम्पेटच्या पुढच्या पसरट तोंडात बसवलं. हवा जायला बारीकशी फट ठेवली. आवाज एकदम माशीच्या गुणगुणीइतका झाला.

झोप माझी वाचली, पण खरा फायदा झाला त्याचा. कोन घातला की वाऱ्याला वाट मिळत नाही. गाल फुगवून, ओठ आवळून भागत नाही, बेंबीपासून दम लावावा लागतो. एकच सूर हळू सुरू करायचा, वाढवत न्यायचा आणि तसाच हळू खाली उतरवायचा... हे तो रोज करायचा. शेवटी थोडा वेळ कोन काढून वाजवायचा, नाहीतर आवाज कोंडल्यासारखा होतो म्हणे. लग्नसराई आली आणि पर्वत पाटियाच्या चौकात जनरेटर, रिक्षा, डीजे यांच्या गदारोळात त्याचा सूर पलीकडच्या टोकाला ऐकू आला. मालकाने त्याला पुढच्या रांगेत घेतलं. ती जागा जाईल याची मात्र त्याला कायम धास्ती असे.

मग त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली आणि जोर लावायचा नाही, असं बजावलं. त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, ट्रम्पेट धान्याच्या कोठीत लपवलं. भटू जेवेना, बोलेना. शेवटी त्यांनीच ते बाहेर काढलं, पण कोन काढायचा नाही आणि हळूच वाजवायचं, या अटीवर. वहिनी रोज दुपारी साड्यांना टिकल्या लावायच्या कामावर जात. जाताना माझ्या दाराशी थांबून म्हणाल्या, "भाऊ, तुमी आयकत ऱ्हा. सूर तुटना ते धाईसन या."

सूर तुटला की धावत जायचं, याला मी हो म्हणून बसलो. इतकी वर्षं मागांमध्ये काढून माझे कान निम्मे गेलेले. कोन घातलेलं ट्रम्पेट मला ऐकू येणार कसं? मी भिंतीला तळहात लावून बसू लागलो. सूर वाढला की भिंत थरथरायची, उतरला की थरथर विझायची. विझली की कळायचं नाही... सूर संपला, की माणूस? अनेकदा मी अनवाणीच धावलो. भटू ट्रम्पेट पुसत बसलेला असायचा. "मी जित्ता शे भो!" म्हणून खो खो हसायचा. पुढे त्यानेच युक्ती काढली. वाजवून झालं की तो कोन काढायचा आणि कोनानेच भिंतीवर टकटक करायचा. ती ऐकल्याशिवाय मला झोप यायची नाही.

तो गेला त्या आठवड्यात मला दिवसपाळी लागली होती. वहिनी कामावरून आल्या तेव्हा ट्रम्पेट खुंटीवरच होतं. त्या दिवशी त्याने वाजवलंच नव्हतं. जेवून आडवा झाला, तो झोपेतच गेला. मी इतके दिवस ज्या सुराच्या तुटण्याला भीत होतो, तो सूर लागलाच नव्हता.

नंतर मला पुन्हा रातपाळी आली. एका दुपारी सवयीने हात भिंतीकडे गेला. भिंत गार होती. तेवढ्यात पलीकडून टकटक झाली. धावत गेलो, तर सुमनवहिनी कोन हातात घेऊन बसलेल्या. टिकल्यांचं काम त्या आता घरीच आणतात.

"घर खावाले उठस, भाऊ," त्या म्हणाल्या. "माले भी भेव वाटस. मी शे अजून, इतलं तुमले समजाले पाहिजे ना."

आता ती टकटक रोज येते, आणि इकडून मीही बोटांनी उत्तर देतो. काल टकटक यायला उशीर झाला. मी भिंतीला हात लावून बसलो होतो... शेवटी ती आली, पण तोवर मी धावत जायला चपला घातल्या होत्या. त्या अजून काढलेल्या नाहीत.