जीपमधलं तान्हं

पवनानगरला जाणाऱ्या प्रवासी जीपमधले ते तान्हे बाळ मला निवृत्तीनंतरही आठवते. तेव्हा मी लोणावळा भागातल्या एका ठाण्यात अधिकारी होतो. पोरं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून मावळभर पसरली होती.

भर दुपारी एका प्रवाशाचा फोन आला. जीपमध्ये पन्नाशीची एक बाई रडणारे बाळ घेऊन बसली आहे आणि बाळ कुणाचे ते सांगत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा जीपभोवती गर्दी होती. एकाने बाईचा दंड धरला होता, तिने बाळ पदराखाली घट्ट धरले होते. बाईला आणि बाळाला गर्दीतून सोडवून ठाण्यात आणले.

"बाळ कुणाचं, मावशी?"

"माझंच हाय."

आमची महिला शिपाई हसली. "या वयात? पेपरात फोटो द्यायला पाहिजे तुमचा."

मावशी हसली नाही. "शेजारणीचं हाय. तिनंच दिलंय."

"ती कुठं आहे?"

"कामावर."

"कुठल्या?"

तिने मान खाली घातली. दम दिला, समजावले, तरी मान खालीच.

वायरलेसवर विचारले. हरवलेल्या बाळाची तक्रार कुठल्याच ठाण्यात नव्हती. पालक मिळाले नाहीत तर बाळ बालकल्याण समितीपुढे न्यावे लागणार होते आणि तिथून शिशुगृहात. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पुस्तकावर भरवसा ठेवणारा. कायद्यात लिहिले आहे तसे करायचे, एवढेच मला कळत होते. तसे सांगितल्यावर मावशी रडू लागली.

बाळासाठी बाटलीतून दूध मागवले. त्याने ते जिभेने बाहेर ढकलले आणि महिला शिपायाच्या खाकी शर्टात तोंड खुपसले. ती स्वतः नुकतीच बाळंतपणाची रजा संपवून आली होती.

"साहेब, हे अंगावर पिणारं आहे. या बाई त्याला आईकडं पाजायलाच नेत असणार. आई त्या जीपच्या वाटेवरच कुठंतरी आहे. व्हय ना, मावशी?"

मग मावशी बोलली. आई धरणाजवळच्या एका बंगल्यावर झाडलोट करायची. "ल्हान पोर हाय म्हटलं की कामाला ठेवत न्हाईत. म्हणून तिनं सांगितलंच न्हाई. रोज दुपारी मी मागल्या दारी नेते, ती पाजते, मी माघारी येते. तुमी वर्दीत गेला, तर तिचं काम गेलंच बघा."

महिला शिपाई वर्दी उतरवून साडी नेसली आणि मावशीला व बाळाला घेऊन बंगल्याच्या मागच्या दारी गेली. तिथे काय झाले ते तिनेच मला नंतर सांगितले. हातात झाडू घेऊन एक मुलगी बाहेर आली. बाळाचा आवाज ऐकताच तिच्या हातातून झाडू पडला. ही कोण बाई, हेही न विचारता तिने बाळ ओढून घेतले आणि तिथेच पायरीवर बसून पाजू लागली.

काम सुटल्यावर ती जन्मदाखला घेऊन ठाण्यात आली. गावच्या अंगणवाडी सेविकेनेही ओळख पटवली. तक्रारीत तथ्य नाही, असे लिहून मी प्रकरण बंद केले.

मला हे नीट मांडता येईल की नाही, माहीत नाही. माझ्या महिला शिपायाला सहा महिन्यांची पगारी रजा मिळाली, कारण ती सरकारी नोकरीत होती. या मुलीला एक दिवसही नाही. अंगणवाडीतून बाळाला लस मिळत होती, पण एवढ्या लहानाला दिवसभर सांभाळायची सोय तिथे नव्हती. त्या दिवशी कायदा कुणीच मोडला नव्हता, तरी एक आई आपले मूल चोरीच्या मालासारखे लपवत होती. तपासात असे काही सापडेल, हे मला कुणी शिकवले नव्हते.

मी तिला म्हटले, "काही मदत लागली तर सांग."

तिने बाळाचे टोपडे सारखे केले. "सायेब, अजून दोन म्हैने कुणाला कळू देऊ नका. मग ते वरचं खाया लागंल."