तोंडात धरलेला कापूस

आमच्या साडूंइतकं बुद्धिबळ समजणारा आणि त्यांच्याइतकं वाईट खेळणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. स्वतः पटावर बसले की दहाव्या चालीला त्यांचा राजा कोपऱ्यात सापडलाच म्हणून समजा. याचं कारण असं की त्यांना आपलं एकही प्यादं मरू द्यायचं नसे. एका प्याद्याच्या जिवासाठी ते हत्ती घालवत, हत्तीच्या दुःखात वजीर विसरत आणि शेवटी सगळंच गेलं की "जाऊ द्या, गरीब होतं बिचारं" असं त्या प्याद्याबद्दलच म्हणत. पण तेच दुसऱ्याच्या डावामागे उभे राहिले, की त्यांच्या डोळ्यांना जे दिसे ते खेळणाऱ्या दोघांनाही दिसत नसे. दिसे तिथवर ठीक होतं. दिसलेलं पोटात ठेवणं मात्र त्यांना जन्मात जमलं नाही. अकोल्याच्या किल्ल्याच्या भिंतीखाली लिंबाच्या पारावर रोज डाव पडायचे आणि रोज कोणी ना कोणी आमच्या साडूंना दंडाला धरून पारावरून खाली उतरवायचं. ते खाली उतरत, पाराला एक वळसा घालत आणि दुसऱ्या बाजूने वर येऊन म्हणत, "मी काही बोलून नाही राहिलो. फक्त तो उंट पाहा म्हणतो."

आम्ही दोघं एकाच मांडवात बोहल्यावर चढलो. थोरली बहीण त्यांना दिली, धाकटी मला. मंगलाष्टकं चालू होती. मांडवाच्या कडेला व्याह्यांकडची दोन म्हातारी माणसं पट मांडून बसली होती आणि आमच्या साडूंची नजर अंतरपाटावरून नवरीकडे जाण्याऐवजी तिकडे लागलेली होती. भटजींनी "सावधान" म्हटलं आणि त्याच दमात नवरदेव म्हणाले, "घोडा मागं घ्या ना बाप्पा, काऊन मारता त्याले." माझी मेहुणी त्यांना आयुष्यभर यावरून बोलत आली, पण घोडा खरंच वाचला असता असंही ती पुढे सांगायला विसरत नसे.

त्यांचा मळा अकोल्यात मोर्णेच्या काठी होता. सातासमुद्रापार कुठे लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला विलायतेतून मागणी आली, ती वर्षं ज्यांनी पाहिली त्यांना काही सांगायला नको. मी अमरावतीला राहतो. आमच्याकडे तर लोकांनी अंगणातली तुळस तेवढी ठेवली, बाकी जिथे बोटभर माती दिसेल तिथे सरकी टोचली. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आली. दर्यापूरकडचे शेतकरी रेशमी पागोटं बांधून वखरावर बसू लागले. आमच्या साडूंनी मात्र वांगी आणि मिरची सोडली नाही. कापूस का लावत नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "साडभाऊ, कापसाचे मोहरे होत नाईत. वारा आला का डाव मोडते." ही थट्टा नव्हती. मळ्याच्या धुऱ्यावर, कडेच्या उंचवट्यावर, माती थापून त्यांनी चौसष्ट घरं आखली होती आणि त्यात वांगी, मिरच्या, भेंड्या मांडून ते कालचे डाव पुन्हा खेळून पाहत. एकदा एका बाईने भाजीला म्हणून त्यातलं मोठं वांगं उचललं. "ते नका घेऊ माय, तो वजीर हाय," म्हणत हे तिच्यामागे बांधापर्यंत गेले आणि त्या वजिराच्या बदल्यात तिला टोपलीभर साधी वांगी देऊन आले.

या माणसाचं दैवत म्हणजे मुनशीजी. निजामाच्या अमलात कचेरीत कागद लिहिलेले, आता सत्तरी ओलांडलेले, पांढऱ्याशुभ्र दाढीचे मुनशीजी त्या पारावरचे सगळ्यांत मोठे खेळाडू होते. आमचे साडू सकाळी पहिली वांगी त्यांच्या दारात ठेवत आणि मग बाजारात जात. मुनशीजींचा कोणता डाव कोणत्या साली कसा झाला हे मुनशीजी विसरले होते, साडू विसरले नव्हते. मुनशीजीही त्यांना पारावरून कधी उतरवत नसत. फक्त मान वर न करता म्हणत, "बेटा, खेल मैं रहा हूं के तू?"

कापसाने अमरावतीच्या एका शेठजीला इतकं दिलं, की त्याला काय करावं सुचेना. त्याने देशोदेशीचे नामांकित बुद्धिबळपटू बोलावून आपल्या कापसाच्या वखारीत त्यांचे सामने भरवले. पहिल्या वर्षी मुनशीजी गेले नाहीत, म्हणून साडूही गेले नाहीत. पण अमरावतीहून येणारी प्रत्येक बैलगाडी त्यांनी वेशीवर अडवली. सारं अकोला गाडीवानाला कापसाचा भाव विचारत असे आणि हे विचारत, "नागपूरवाल्याचा उंट वाचला का?" एक गाडीवान बिचारा घाबरून म्हणाला, "आमच्यासंग उंट नाई जी, दोन बैलच हायेत." महिनाभर असं करून यांनी ते सगळे सामने धुऱ्यावर मांडले. निम्मे डाव गाडीवानांनी मनाने रचलेले असणार. साडूंनी त्यांतल्याही चुका काढल्या.

दुसऱ्या वर्षी मुनशीजींनाच बोलावणं आलं. साडू बैलांची दमणी जुंपून दारात हजर. मुनशीजींनी एकच अट घातली. त्यांनी साडूंना पटावर हात ठेवायला लावला आणि म्हणाले, "वहां मुंह खोला, तो मैं उठ जाऊंगा." साडूंनी शपथ घेतली. मूर्तिजापूरवरून तिसऱ्या दिवशी दमणी माझ्या दारात आली, तेव्हा मेहुणीने पाठवलेल्या लोणच्याच्या बरणीआधी साडूंनी ही शपथ मला सांगितली. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "चार दिवस कसा राहू साडभाऊ? मले सवय नाही ना."

उपाय त्यांचा त्यांनीच काढला. वखारीत पाऊल टाकताच त्यांनी एका गठाणीतून मूठभर कापूस उपटला आणि तोंडात कोंबला. त्या दिवसांत ज्या कापसासाठी विलायत तळमळत होती, तो आमचे साडू चघळत बसले. पहिले तीन दिवस मी बुद्धिबळ पाहिलंच नाही, साडूंना पाहिलं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण कोणाची बाजू वर आहे हे यांच्या गालांवरून सांगता येई. मुनशीजींनी हैदराबादकराला हरवलं तेव्हा कापूस एका गालातून दुसऱ्या गालात गेला. नागपूरकराला हरवलं तेव्हा यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेठजी मला हळूच म्हणाला, "तुमच्या पाहुण्याची दाढ दुखते का?"

शेवटचा डाव पुण्याच्या एका शास्त्रीबुवांशी होता. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडच्या जुन्या खेळात राजाला साऱ्या डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. पुण्याच्या रिवाजात राजाला एकदा शह लागला की ही उडी संपली. अकोल्यात तसं नाही, शह लागला तरी उडी शिल्लक राहते. हे पहिल्याच दिवशी निघालं होतं. शास्त्रीबुवा म्हणाले, "असली सवलत आम्ही देत नसतो." मुनशीजी अदबीने म्हणाले, "हमारे यहां देते हैं." शेठजीने निकाल दिला की वखार वऱ्हाडात आहे, तेव्हा रिवाज वऱ्हाडचा चालेल. मी तिथेच बसलो होतो. साडू त्या वेळी बाहेर बैलांना पाणी पाजत होते.

डाव दुपारभर चालला. शेवटी मुनशीजींचा राजा कोपऱ्यात अडकला आणि शास्त्रीबुवांनी हत्तीचा शह दिला. मुनशीजी फार वेळ पटाकडे पाहत राहिले. मी साडूंकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या आणि उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर सारखा अडीच घरं मोजत होता, दोन पुढे आणि एक बाजूला. मुनशीजींचा हात राजापाशी गेला, थांबला, आणि त्यांनी राजा हलकेच आडवा केला. टाळ्या पडल्या. साडू उठून बाहेर गेले आणि बैलाच्या गळ्यात हात टाकून उभे राहिले.

आठ-दहा दिवसांनी मेहुणीचा निरोप आला. "हे बोलून नाही राहिले. जेवतात, मळ्यात जातात, पण तोंडातून शब्द नाही. तुमी या." ज्या माणसाला गप्प करण्यात सारं अकोला थकलं, तो गप्प झाला हे ऐकून मला खरंच भीती वाटली. मी गेलो. साडू धुऱ्यावर बसले होते. चौसष्ट घरं रिकामी होती. पारावर ते अमरावतीहून आल्यापासून गेलेच नव्हते. मी जवळ बसलो, तेव्हा रिकाम्या घरांवरून बोट फिरवत म्हणाले, "उडी होती साडभाऊ. राजानं उडी मारली असती तर पुढच्या चालीले मात होती शास्त्रीबुवावर. मले दिसून राहिली होती. जनमभर नको तिथं बोललो, अन् जिथं बोलाचं तिथं कापूस चावत बसलो. माह्या मुनशीजीले मी हरवलं."

 रिवाज आपला होता हे मला ठाऊक होतं. उडी चालली असती हेही ठाऊक होतं. तेवढ्यात बांधावरून मुनशीजी येताना दिसले. काठी टेकत, भर उन्हात, गावातून मळ्यापर्यंत चालत. ते आले, धाप टाकत धुऱ्यावर बसले आणि वांगी आणि मिरच्या खुडून घरांत मांडू लागले. तो अमरावतीचाच शेवटचा डाव होता. सगळं मांडून झाल्यावर त्यांनी राजा म्हणून ठेवलेलं वांगं उचललं आणि घोड्याच्या उडीने बाहेर ठेवलं. "ये देख रहा था ना तू? मैंने भी देखा था. पर वहां का कायदा दूसरा था, बेटा. शह के बाद उडी नहीं."

साडूंनी मान वर केली. "मले तर कोनी नाही सांगितलं."

"तू था कहां? बैल को पानी पिला रहा था. पूछ अपने साडू को, ये वहीं बैठे थे."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मुनशीजींच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, फक्त वाट पाहणं होतं. मला तेव्हा कळलं की त्या दिवशी वखारीत त्यांना उडी दिसलीच नव्हती. आठ दिवस घरी तोच डाव मांडून त्यांनी ती शोधून काढली असणार, आणि शोधल्याबरोबर पहिली आठवण त्यांना आपल्या हरण्याची झाली नाही, कापूस चावत बसलेल्या या माणसाची झाली. मी म्हणालो, "हो. पुण्याचाच रिवाज ठरला होता. उडी चालली नसती."

साडू माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला आणि ते रागाने म्हणाले, "मंग असा कायदा मानलाच काऊन तुमी? अन् मुनशीजी, त्याच्या चार चाली आधी तुमी वजीर बाजूले नेला, तोच चुकला ना तुमचा." पुढे घटकाभर ते बोलत होते. मुनशीजी डोळे मिटून ऐकत होते. मेहुणी मळ्यातल्या झोपडीच्या दारात पदराने डोळे पुसत उभी होती. दुसऱ्या दिवशी साडूंना पुन्हा पारावरून खाली उतरवलं गेलं.

मुनशीजी त्यानंतर दोन पावसाळे होते. ते गेले त्या दिवशी साडूंनी त्यांच्या दारात पहिली वांगी ठेवली, आणि पुढेही कित्येक महिने ठेवत राहिले. कापसाचा भाव उतरला, शेठजीची वखार रिकामी झाली, सामने पुन्हा भरले नाहीत. आता आमचे साडूही म्हातारे झाले आहेत, पण दिवाळीला सगळे जमलो की तो डाव हटकून निघतो. घरच्या जावयांना, व्याह्यांना, दारावर आलेल्या तेल्यालासुद्धा ते सांगतात, "आमच्या मुनशीजीले उडी दिसली होती. कधी हरले नसते ते. पण या अमरावतीवाल्यायनं पुण्याचा कायदा आनला अन् खाल्लं त्याईले." मग सगळेजण माझ्याकडे वळून पाहतात, कारण तिथे अमरावतीचा मी एकटाच असतो. मी पानाचं तबक पुढे ओढतो, भला मोठा विडा करून तोंडात भरतो आणि तो संपेपर्यंत एक शब्दही बोलत नाही.