नंदू धुरीचा पत्ता

काशीराम साटमला लोक सज्जन म्हणत आणि ते काही खोटं नव्हतं. भांडुपच्या त्याच्या चाळीत कुणाचं रेशनकार्डावर नाव चढवायचं असो की पोराचा शाळेचा फॉर्म भरायचा असो, काशीराम पेन घेऊन हजर. फक्त एका माणसाचं नाव निघालं की ह्या सज्जनाच्या पोटात दुखायला लागे. तो माणूस म्हणजे त्याचा बालमित्र नंदू धुरी. आता डॉक्टर नंदकुमार धुरी.

दोघे एकाच चाळीत वाढले. काशीराम सात नंबरात, नंदू अकरा नंबरात. दोघांचे वडील कणकवलीकडचे. शाळेत काशीराम पहिला, नंदू दुसरा, हे दरवर्षी ठरलेलं. गणितात नंदू लटपटायचा, ते त्याला काशीरामनेच गळी उतरवलं. मग मॅट्रिकच्या वर्षी काशीरामच्या वडिलांनी दम्याने अंथरूण धरलं, घरात दुसरं कमावणारं नव्हतं, आणि पहिला येणारा मुलगा नोकरीला लागला. दुसरा येणारा डॉक्टर झाला. ह्यात नंदूचा दोष काय? काहीच नाही. पण दोष नसलेल्या माणसावर जळणं फार त्रासाचं. मनातल्या मनात शिव्या घालायच्या म्हटल्या तरी कारण सापडत नाही.

नोकरी लागली तीही कुठे, तर घाटकोपरला, डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या एका मंडळाच्या कचेरीत. मंडळाच्या नोंदवहीत ज्याचं नाव, तोच कायद्याने डॉक्टर. दर पाच वर्षांनी फी भरायची आणि नाव चालू ठेवायचं. मुदतीत फी आली नाही, की नाव कमी. मुदत जवळ आली की नोंदवहीतल्या पत्त्यावर नोटीस धाडायची आणि माणूस न सापडल्याने परत आलेली पाकिटं बघायची, हे काशीरामचं टेबल.

फी भरायला येणारा एकूणएक डॉक्टर कुरकुरायचा, "एवढ्या पैशाचं तुम्ही करता तरी काय हो?" काशीरामला उत्तर तोंडपाठ होतं. डॉक्टरांच्या नावांचं जाडजूड पुस्तक छापतो, टपालाला लागतात, तक्रार आली तर चौकशी करतो, वकिलाला देतो, एखादा डॉक्टर अकाली गेला तर त्याच्या बायकोला मदत करतो. मीटिंगला येणाऱ्या मेंबरांच्या काजू-बिस्किटांचं तो बोलत नसे. आणि सहा कारकून आणि एक शिपाई ह्यांचे पगार त्यातूनच निघतात, हे तर अजिबात बोलत नसे.

ऐंशी साली नंदूच्या फीची पहिली मुदत आली, तेव्हा काशीरामने नोटीस टपालात टाकलीच नाही. संध्याकाळी स्वतः अकरा नंबरात नेऊन दिली, दुसऱ्या दिवशी नंदूने दिलेली फी स्वतः भरली आणि पावतीही घरपोच केली. तेव्हाही जळत होताच, पण धग कमी होती. नंदूचा भांडुपचा दवाखाना नुकता कुठे सुरू झाला होता आणि बाकावर माणसांपेक्षा माश्या जास्त बसायच्या.

पुढच्या पाच वर्षांत सगळं बदललं. नंदूकडे स्कूटर आली, टेलिफोन आला, रंगीत टीव्ही आला. दवाखान्याबाहेर रांग लागायला लागली. काशीरामच्या मुलीला, अनुपमाला, कांजिण्या आल्या तेव्हा नंदू रोज चाळीत येऊन बघून गेला आणि एक पैसा घेतला नाही. विमला वहिनी, म्हणजे काशीरामची बायको, भारावून गेली. "देवमाणूस आहेत हो नंदूभावजी!" ती म्हणाली. काशीरामच्या अंगाची लाही लाही झाली.

"फुकट कशाला? मी काय भिकारी आहे?" तो म्हणाला.

"मित्राकडून कुणी पैसे घेतं का? तुमचं आपलं काहीतरीच," असं म्हणून विमलाने विषय संपवला. काशीरामच्या डोक्यात तो संपला नाही.

पंच्याऐंशीच्या अक्षय्यतृतीयेला नंदूने मुलुंडला फ्लॅट घेतला, आई-वडिलांना तिकडे नेलं आणि अकरा नंबरची खोली सोडली. वास्तुशांतीला अख्खी चाळ जेवायला गेली. काशीराम फ्लॅटभर फिरला. दोन बाल्कन्या मोजल्या. संडास घरातच आहे हे दार उघडून बघितलं. मग पंगतीत जाऊन बसला. तेवढ्यात कुणीतरी नंदूला विचारलं, "डॉक्टर, आता पत्ते सगळीकडे बदलावे लागणार, नाही?"

"बँकेत बदलेन. नोंदणीच्या कचेरीत आपला काश्या आहे ना, मला कसली काळजी!" नंदूने काशीरामच्या खांद्यावर हात टाकला आणि हसत पुढे म्हणाला, "तेवढं तर तो करणारच. आमच्या फीवर ह्याची चूल पेटते!"

सगळे हसले. विमलाही हसली. थट्टाच होती ती, नंदूच्या मनात पाप नव्हतं, आणि हे काशीरामलाही कळत होतं. तरी त्याने पानातली जिलबी बाजूला सारली. जे तो कुणाला सांगत नसे, ते पंचवीस माणसांत, त्याच्या बायकोदेखत, पंगतीत वाढलं गेलं होतं.

त्याच वर्षी पुढची मुदत आली. नंदूचा पत्ता बदलल्याचं पत्र कचेरीत नव्हतं. असणार कसं, त्याने तोंडी सांगितलं होतं. आणि नियम स्पष्ट होता, नोटीस नोंदवहीतल्या पत्त्यावर जाते. काशीरामने पाकिटावर सुवाच्य अक्षरात पत्ता घातला: खोली नंबर अकरा. त्या खोलीच्या दारावरून तो रोज दोनदा जात होता. आत आता कुणी परकं कुटुंब राहत होतं.

पंधरा दिवसांनी पाकीट परत आलं. वर पोस्टमनचा शेरा, 'जागा सोडली'. काशीरामने ते हातात धरलं. घरी जाताना नंदूच्या दवाखान्यात टाकायला दहा मिनिटं पुरली असती. त्याने इकडेतिकडे बघितलं, पाकीट परत आलेल्या गठ्ठ्यात घातलं आणि वर सुतळी बांधली. 'मी नियमाबाहेर काय केलं?' असं त्याने स्वतःला विचारलं. आणि काहीच नाही, असं उत्तर दिलं.

तीन महिन्यांनी यादी सभेपुढे गेली. मेंबरांनी बिस्किटं खाल्ली आणि सह्या केल्या. नंदकुमार धुरी हे नाव नोंदवहीतून कमी झालं. लाल शाईची रेघ काशीरामनेच पट्टी लावून ओढली.

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. रोज संध्याकाळी तो मुद्दाम दवाखान्यावरून घरी जायचा. बाहेर रांग, आत स्टेथोस्कोप लावून बसलेला नंदू, दारावर पाटी. काशीराम मनात म्हणायचा, आता तू डॉक्टर नाहीस बाळा. हे तुला माहीत नाही, तुझ्या पेशंटांना माहीत नाही. मला एकट्याला माहीत आहे. नंदूने आतून हात केला की तोही हात करायचा. त्या दिवसांत त्याला भूकसुद्धा चांगली लागायची.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी एका दुपारी नंदू घाटकोपरच्या कचेरीत आला. रांगेत उभा राहिला. नंबर आला तेव्हा काशीरामच्या लक्षात आलं की माणूस दोन दिवसांत वाळल्यासारखा दिसतोय.

"मुलुंडच्या हॉस्पिटलात ऑनररी, म्हणजे मानद डॉक्टर म्हणून घेणार होते मला," नंदू म्हणाला. "सगळं ठरलं होतं. त्यांनी तुमचं पुस्तक बघितलं, तर माझं नावच नाही. जागा दुसऱ्याला दिली. वर विचारलं, तुम्ही खरंच डॉक्टर आहात ना? बाबा कौतुकाने सोबत आले होते, त्यांच्या समोर विचारलं रे."

काशीराम वर्षभर ह्याच क्षणाची वाट बघत होता. तो आला आणि त्यात काही चव लागली नाही. नंदूच्या वडिलांचं नाव निघालं आणि त्याचे कान तापले. त्या माणसाने काशीरामच्या वडिलांना शेवटच्या दिवसांत उचलून पायखान्याला नेलं होतं.

"टपालखात्याचं काही खरं नाही," तो घाईने म्हणाला. "नोटीस मी पाठवली होती. वाटेत गहाळ झाली असणार. दंड भर, मी आठवड्यात नाव चढवून देतो. साहेबांना मी बोलतो."

नंदूने दंडाचे पैसे मोजायला घेतले.

"काल अकरा नंबरच्या शेजारच्या सुंदराबाई औषधाला आल्या होत्या," तो म्हणाला. "नोटिशीचं पाकीट त्यांनी बघितलं होतं. म्हणाल्या, 'पोस्टमनाक मी सांगलंय, परत धाड. काशीरामाची कचेरी ती, त्याच्याच हातात पडतला. तो घरी नेऊन दितलो.'"

पंख्याखाली कागद फडफडत होते. काशीरामने त्यांवर हात ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं. 'जळलो रे तुझ्यावर' एवढं म्हणता आलं असतं तरी पुष्कळ होतं. तो म्हणाला, "इतकी पाकिटं येतात, नंदू. एकेक कुठे बघणार?"

"खरंय," नंदू म्हणाला. त्याने वाद घातला नाही. दंड भरला, पावती नीट घडी करून खिशात ठेवली. मग बॅगेतून पत्ता बदलल्याचा अर्ज काढला. मुलुंडचा पूर्ण पत्ता, खाली सही. अर्ज त्याने टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी त्याचीच दुसरी प्रत.

"अरे, दोन कशाला?" काशीराम म्हणाला. "मी आत्ताच नोंदवहीत लिहून टाकतो. मला काय तुझा पत्ता माहीत नाही?"

"माहीत आहे ना," नंदू म्हणाला. "तरी दुसरीवर शिक्का मारून दे. पोच राहू दे माझ्याकडे."

काशीरामने शिक्का शाईत दाबला, प्रतीवर उमटवला, तारीख घातली आणि खाली सही केली. नंदूने सही वाचून बघितली आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.