कोणाच्याच नावाचा नसलेला बॅज

रुग्णालयात मला पहिलं काम मिळालं ते कागदांचं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली होते आणि फारसं बोलत नव्हते. कागदांच्या कामाला या दोन्ही गोष्टी बऱ्या समजल्या गेल्या असाव्यात. कॅन्सरच्या रुग्णांना किरणोपचार देणारं एक जुनं कोबाल्टचं यंत्र आमच्याकडे होतं. त्याच्या परवान्याचं नूतनीकरण जवळ आलं होतं आणि किरणसुरक्षेची नवी नियमपुस्तिका लिहून हवी होती. यंत्राचे भौतिकतज्ज्ञ हेच सुरक्षा अधिकारीही होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. ते रोज कुर्डुवाडीहून रेल्वेने येत. त्यांनी छापील कागदांचे दोन गठ्ठे माझ्या टेबलावर ठेवले.

"हे जगाचं," ते म्हणाले. "हे देशाचं. आता आपलं तू लिही."

जगाचं म्हणजे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकं. मी ती आठवडाभर वाचली. ती कुठल्याही देशावर आपोआप लागू होत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. निरनिराळ्या देशांतले जाणकार बसून मसुदा करतात. तो सगळ्या देशांकडे अभिप्रायासाठी जातो, हरकती येतात, शब्द बदलतात, आणि बऱ्याच काळाने सगळ्यांना चालेल असं एक वाक्य शिल्लक राहतं. मग प्रत्येक देशाची नियामक संस्था त्यावरून आपले नियम करते, आणि ते पाळावेच लागतात. नियमांवरून परवान्याच्या अटी ठरतात, अटींवरून आमच्यासारख्या रुग्णालयाची पुस्तिका. मी सगळ्यात खालच्या पायरीवर बसून वरची वाक्यं उतरवून घेत होते. वाक्यं स्वच्छ होती. त्यांच्यात कुठे माणूस दिसत नव्हता, आणि मला ते आवडत होतं.

पुस्तिकेबरोबर बॅजही माझ्याकडे आले. किरणांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाने छातीवर लावायचा हा प्लॅस्टिकचा लहानसा चपटा डबा. त्याच्या आत एक पट्टी असते, आणि अंगावर किती किरणं पडली हे तिच्यावरून नंतर मोजता येतं. दर तीन महिन्यांनी सगळे बॅज प्रयोगशाळेत जातात आणि नवे येतात. काम संपलं की ते यंत्राच्या खोलीबाहेरच्या फळीवर आपापल्या खणात ठेवायचे. शेवटच्या खणात एक बॅज कायम राहायचा. तो कोणाच्याच नावाचा नसतो, कोणी लावायचा नसतो. त्याला कंट्रोल म्हणतात. हवेत, भिंतींत नेहमीच थोडी किरणं असतात. ती किती, हे त्याच्यावरून कळतं आणि बाकीच्यांच्या आकड्यांतून तेवढी वजा करता येतात. म्हणून त्याने जागा सोडायची नाही.

हे सगळं मी पुस्तिकेत नीट लिहिलं होतं. आणखी एक वाक्य वरून घेतलं होतं: काही चुकीचं घडताना दिसलं तर अगदी कनिष्ठ कर्मचाऱ्यालाही ते बोलून दाखवता आलं पाहिजे. सरांनी त्या वाक्यासमोर पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती.

यंत्र चालवायचे ते काका. मूळचे मंद्रूपचे, पन्नाशी ओलांडलेले. त्यांचा करार दरवर्षी दिवाळीनंतर नवा व्हायचा. रुग्णाला टेबलावर नीट झोपवून, खुणा जुळवून ते बाहेर यायचे, जाड दार लावायचे, आणि माइकवरून त्याला हलू नका म्हणून सांगायचे. माणूस बघून भाषा बदलायची. अक्कलकोटकडच्या आजींना कानडीत "अल्लाडबेडा", शहराच्या पूर्व भागातल्या विणकराला तेलुगूत "कदलोद्दु", विजापूर वेशीतल्या चाचांना "हिलना नक्को, बस दोच मिनिट". मला ते येता-जाता विचारायचे, "ताई, काय म्हनतंय तुमचं पुस्तक?" मी हसून पुढे जायची. उत्तर सुचायचं ते टेबलावर पोचल्यावर.

खंडेनवमीला दुपारचा शेवटचा रुग्ण गेल्यावर त्यांनी यंत्राची खोली झाडून घेतली. यंत्राला झेंडूचा हार घातला. खाली पाट मांडून त्यावर नट आवळायचे पाने, पेचकस, किरणं मोजायचा मीटर, चाव्यांचा जुडगा ठेवला. मी दारात उभी होते.

"ताई, बॅज बी आना की. ती बी आपलीच हत्यारं."

मी फळीवरून बॅज काढून एका ताटात घेतले. शेवटच्या खणापाशी थांबले. त्यांनी तिथूनच पाहिलं.

"त्यो कुनाचा ऱ्हायला?"

"तो कोणाचाच नाही. कंट्रोल आहे."

"मग त्याला कोन हळद-कुक्कू लावनार? आना त्याला बी. सनाच्या दिवशी एकट्याला मागं ठिऊ नये."

पूजेला जमलेले बाकीचे हसले; सर त्यांच्या गाडीला निघून गेले होते. कंट्रोल खोलीत न्यायचा नाही, हे वाक्य मी त्याच आठवड्यात टाइप केलं होतं. एवढंच म्हणायचं होतं. मी तो ताटात ठेवला.

पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हे काकांनी सगळ्यांना बजावलं. दसऱ्याला सुट्टीच होती. तिसऱ्या दिवशी जो तो सकाळी आला आणि ताटातून आपल्या नावाचा बॅज घेऊन गेला. काका गावी होते. सकाळच्या पाळीतल्या तंत्रज्ञाने ताट उचलून यंत्रामागच्या कट्ट्यावर सरकवलं, त्यावर फडकं टाकलं आणि रुग्ण घ्यायला सुरुवात केली. दोन दिवस उपचार चालले. त्या दोन दिवसांत मी फळीकडे पाहिलंच नाही.

मग एका सकाळी शेवटचा खण रिकामा दिसला. काकांचाही. खोलीत कोणी नव्हतं, यंत्र बंद असल्याचा दारावरचा हिरवा दिवा लागलेला होता. मी आत गेले, फडकं उचललं. सुकलेल्या झेंडूखाली दोन्ही बॅज होते. मी त्यांच्यावरचं कुंकू ओढणीने पुसलं आणि दोघांना त्यांच्या खणांत ठेवलं. तासाभराने काका आले, खणातून बॅज काढून खिशाला लावला, आणि मला म्हणाले, "सोनं घ्या ताई," आणि आपट्याची दोन पानं दिली.

मी कोणाला काही सांगितलं नाही. काही होणार नाही असं वाटलं, असं म्हणणं खोटं ठरेल. काय होईल ते मला माहीत होतं. फक्त ते लांब होतं.

तिमाही संपली, बॅज गेले, आणि दिवाळी झाल्यावर पत्र आलं. काकांच्या बॅजवरची नोंद, जिच्यापुढे चौकशी करावीच लागते त्या मर्यादेच्या पुष्कळ वर होती. कंट्रोलवरही नेहमीपेक्षा बरीच जास्त नोंद दिसत होती, तेव्हा दोन्हींचा खुलासा करावा. चौकशी पूर्ण होईपर्यंत संबंधित कर्मचाऱ्याला किरणांच्या कामापासून दूर ठेवावं.

सरांनी काकांना बसवून विचारलं. बॅज कधी खोलीत विसरला होता का? कोणाला दिला होता का?

"न्हाय सर. आलो की फळीवरनं घेतो, जाताना फळीवर ठिवतो."

ते खरं बोलत होते; पूजेतला बॅजही त्यांना फळीवरच परत मिळाला होता. मग सरांनी मला विचारलं, "कंट्रोल कुठे असतो?"

"फळीवर. बाहेर," मी म्हटलं. असतो, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

सर कपाळ चोळत म्हणाले की कंट्रोलचं काहीतरी प्रयोगशाळेतच झालं असेल, पण काकांचा आकडा सोडून देता येत नाही. रक्त तपासायला मुंबईला पाठवायचं ठरलं. किरणं खरोखर शरीरावर पडली असतील तर रक्तातल्या पेशींत तसं दिसतं. अहवालाला काही आठवडे लागणार होते. काकांचा करार ठरवणाऱ्या समितीची बैठक त्याआधी होती, आणि यंत्र न चालवणाऱ्या तंत्रज्ञाचा करार कशासाठी करायचा, हे बैठकीत कोणीतरी विचारणारच होतं.

तोवर त्यांना नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. ते एका बोटाने टाइप करायचे आणि प्रत्येक नाव दोनदा विचारायचे. ओळखीचे रुग्ण खिडकीत डोकं घालून म्हणायचे, "हितं कशाला बसलाय? आत कोन हाय मग?" ते म्हणायचे, "हाय की, चांगला पोरगा हाय. हालू नका म्हंजे झालं."

एका दुपारी खिडकी रिकामी असताना त्यांनी मला हाक मारली.

"ताई, पुस्तकात बगा की. माझ्यासारक्याला काय हुतंय त्ये."

"लगेच काही होत नाही," मी म्हटलं.

"लगीच न्हाय. मग कवा?"

 त्यांनी दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहिले, उन्हात धरले.

"लेक आलीया बाळतपनाला. नात झाली. मी मांडीवर घेत न्हाय तिला." मग म्हणाले, "मला म्हायती हाय, आपल्यातनं दुसऱ्याला लागत न्हाय ते. रोज पेशंटला मीच सांगत आलोय. तरी घेत न्हाय. बायको म्हनती, पोरगी झाली म्हनून तोंड फिरवतोय म्हातारा."

मी टेबलावर परत आले आणि एका कागदावर सगळं लिहून काढलं. इंग्रजीत, कारण इंग्रजीत मला अंतर ठेवता येतं. नवमीपासून ओढणीने कुंकू पुसण्यापर्यंत. एक पानसुद्धा भरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा मी त्यांच्या खोलीबाहेर उभी होते. त्यांनी उभ्यानेच वाचलं. पुन्हा वाचलं.

"समितीला दुपारी सांगू," ते म्हणाले. "काकांना आत्ता जाऊन सांग."

"तुम्ही सांगाल का सर?"

"नाही."

खिडकीपुढे रांग होती. मी आतल्या बाजूने काकांच्या खुर्चीपाशी गेले आणि सांगितलं. नवमीला मी बॅज आणले होते, तुमचा आणि कंट्रोल आतच राहिले, दोन दिवस उपचार झाले, मी नंतर गुपचूप बाहेर ठेवले. त्यांचं बोट कळीवर तसंच राहिलं.

"म्हंजे किरनं बॅजाला लागली."

"हो."

"मला न्हाय."

"नाही."

"कवापास्नं म्हायती हुतं?"

"पहिल्यापासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीतल्या बाईंना म्हणाले, "नाव सांगा. सावकाश सांगा, मला टायपाला येळ लागतोय."

दुपारी समितीत पाच माणसं होती. एका विश्वस्तांनी विचारलं, "कंट्रोल आत न्यायचा नाही, हे पुस्तिकेत कोणी लिहिलंय?"

"मी."

"मग नाही म्हणायला काय झालं?"

"म्हणता आलं नाही."

कोणीतरी हसलं. समितीतल्या डॉक्टरांनी विचारलं की रक्त तपासायची गरज उरते का. सर म्हणाले की ते गेलंच आहे, अहवालही जोडू, पण नोंद माणसाची नाही हे कंट्रोलवरून स्पष्ट आहे. तो बॅज तर कोणाच्याच अंगावर नव्हता. मला लेखी समज मिळाली आणि माझ्या नोकरीचा परिवीक्षाधीन काळ वाढला. काकांचा करार झाला. खुलासा गेला, रक्ताचा अहवाल चांगला आला, आणि काही दिवसांनी काकांना कामावर घ्यायला हरकत नाही असं उत्तर आलं. त्या सकाळी मी माझ्या टेबलावरून माइकवरचा आवाज ऐकला. "अल्लाडबेडा आज्जी, अल्लाडबेडा."

खुलाशात सुधारणा म्हणून पुस्तिकेत एक नवं वाक्य घालायचं होतं. मी लिहिलं: खंडेनवमीच्या किंवा इतर कोणत्याही पूजेसाठी बॅज यंत्राच्या खोलीत नेऊ नयेत. सरांनी लाल पेनने पूजा काढली, खंडेनवमी काढली. उरलं ते असं: बॅज परिधान करण्याखेरीज इतर कोणत्याही कारणासाठी यंत्राच्या खोलीत नेऊ नयेत.

"उद्या कोणी वाढदिवसाला नेईल," ते म्हणाले. "सगळ्यांना पुरलं पाहिजे."

मी ते टाइप केलं. दुसऱ्या वाक्यांसारखंच दिसत होतं. मग मी जगाचा गठ्ठा पुन्हा काढला आणि काही पानं वाचली. आत येण्यापूर्वी हे तपासावं. चावी अमुक ठिकाणी असावी. एकट्याने हे करू नये. प्रत्येक ओळीपाशी कुठल्यातरी देशातलं काहीतरी खोडलेलं असणार, एखादा सण, एखादी सवय, गप्प राहिलेलं कोणीतरी. ते काय होतं, हे शोधायला गठ्ठ्यात काही जागा नव्हती.

काका महिनाभर मला मॅडम म्हणत होते. पुस्तकाबद्दल विचारत नव्हते. नातीला मांडीवर घेतात का, हे मी विचारलं नाही. पुढच्या तिमाहीचे नवे बॅज आले तेव्हा ते जुना बॅज द्यायला फळीपाशी आले. नवा घेतला, नाव वाचलं, खिशाला लावला.

"त्यो हाय का जाग्यावर?"

"आहे," मी म्हटलं.

"बगू."

आणि मला बाजूला व्हायला सांगून ते खाली वाकले, आणि शेवटच्या खणात त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.