भाऊजींनी गयेला काय सोडलं

आमचे धाकटे दीर कृष्णकांत भाऊजी हिंगण्याच्या एका कारखान्यात इंजिनियर. चातुर्मासात कांदा नाही, अंड्याचं नाव काढायचं तर आधी मागे-पुढे बघायचं, असं आमचं घर. अशा घरातला हा माणूस बहात्तर साली कंपनीतर्फे तीन महिने जपानात ओसाकाला शिकायला गेला आणि कच्चा मासा खायला शिकून आला.

मला ते कळलं महिन्याभराने. पूजा आटोपून स्वयंपाकघरात आले, तर भाऊजी ओट्याशी उभे. गार भातात लिंबू-साखर कालवून चार इवल्या मुदी केलेल्या, प्रत्येकीवर पिकल्या पपईचा काप, आणि हे डोळे मिटून एकेक तोंडात टाकताहेत.

"भाऊजी, कोणावर करणी करून राहिले का?"

ते दचकले. "वहिनी, आईला सांगू नका हं. याला सुशी म्हणतात. पपईच्या जागी मासा असतो."

"तळलेला?"

"कच्चा."

"म्हणजे फोडणीसुद्धा नाही?"

"फोडणी काय घेऊन बसलात, त्याला विस्तवसुद्धा दाखवत नाहीत."

मी पदर नाकाला लावला. पण सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा काकडआरतीला माझा होत असेल. मग मी पाट घेतला आणि म्हटलं, सांगा.

पहिल्याच आठवड्यात ते एका दुकानात शिरले. तिथे ताटल्या सरकत्या पट्ट्यावरून फिरत होत्या. आपल्याकडे पंगत बसते नि वाढणारा फिरतो. तिथे वाढणाराच नाही. भाऊजी हात मांडीवर ठेवून पंधरा मिनिटं बसले. कोणी 'घ्या' म्हणेना. त्याच त्या ताटल्या समोरून जायच्या, वळसा घालून परत यायच्या. शेवटी शेजारच्या म्हातारीला दया आली. तिने एक ताटली उचलून यांच्यापुढे ठेवली आणि मान डोलावली.

"आग्रह केला हो तिनं. म्हाताऱ्या बाईला नाही कसं म्हणू?"

अशी सुरुवात झाली. पुढे ओनिशी नावाच्या म्हाताऱ्याचं आठच माणसं बसतील एवढं दुकान त्यांना सापडलं. पहिल्या दिवशी भाऊजींनी सवयीने मुदीतली चार शितं काढून बाजूला मांडली आणि भोवती चहाचे थेंब फिरवले. चित्राहुतीच ती! म्हाताऱ्याची सुरी थांबली. भातात काही निघालं असं त्याला वाटलं, आणि तो पातेलंभर भात टाकून द्यायला निघाला. 'देव, आधी देव' हे हातवाऱ्यांनी समजावता समजावता भाऊजींना घाम फुटला. समजल्यावर ओनिशी कमरेत वाकला. त्या दिवसापासून भाऊजी बसले की तोच आधी चार शितं मांडायचा.

इथे आल्यावर त्यांचे हाल झाले. मुंबईला एका मोठ्या हॉटेलात जपानी जेवण मिळतं म्हणून ऐकून गेले, तर भातावर मोहरी नि कढीपत्ता. "वहिनी, मी फक्त रडायचा राहिलो."

चौऱ्याहत्तर साली मामंजी गेले. इतके सोवळ्याचे की आगगाडीत पाणीसुद्धा घरचंच प्यायचे. भाऊजींवर त्यांचा फार जीव. त्यांच्यापासून हे लपवलं, याची भाऊजींना टोचणी लागली होती.

पुढच्या वर्षी आम्ही सगळे गयेला गेलो. तिथे पिंडदान झालं की आवडीचा एक पदार्थ जन्माचा सोडायचा असतो. आमच्या ह्यांनी पडवळ सोडलं. लग्न झाल्यापासून मी त्यांना पडवळ खाताना पाहिलेलं नाही. भाऊजींची पाळी आली तर त्यांनी नुसतेच हात जोडले.

"काहून रे, बोल ना," सासूबाई म्हणाल्या, "वांगं सोड."

"आई, मी मनातल्या मनात सोडलं."

गुरुजी म्हणाले, मनातलं चालतं. मी काय ते समजले. परतताना गाडीत भाऊजी हळूच म्हणाले, "बाबांना आवडीची वस्तू द्यायची, नं? मग पडवळ कसं देऊ?"

शहात्तरच्या उन्हाळ्यात कंपनीने त्यांना पुन्हा पंधरा दिवस ओसाकाला पाठवलं. निघताना म्हणाले, "ओनिशीला भेटलो तर खावं लागेल, नाही भेटलो तर म्हातारा काय म्हणेल?" मी देवापुढे सुपारी ठेवली. यांचा शब्द राहू दे, आणि त्या म्हाताऱ्याचं मनही.

परत आल्यावर त्यांनी ओट्याशीच सगळं सांगितलं. शेवटच्या दिवशी ते गेलेच. म्हाताऱ्याने आनंदाने सगळ्यात चांगला मासा काढला. भाऊजींनी हात जोडले आणि सोबत नेलेल्या दुभाष्याकरवी सांगितलं, वडील गेले, त्यांच्यासाठी मी हे सोडलं. ओनिशीने त्याच माशाचे दोन काप केले. मग त्याने एक पांढरी ताटली घेतली, दोन मुदी मांडल्या, शेजारच्या रिकाम्या जागेपुढे ठेवल्या आणि जवळ चहा ओतला. म्हणाला, "हे वडिलांना." भाऊजींना नुसता चहा दिला.

मी कपाळावर हात मारला. "भाऊजी! मामंजींना कच्चा मासा?"

"इतक्या भक्तीनं ठेवला हो त्यानं. मी नको कसं म्हणू?"

संध्याकाळी मी एक निरांजन जास्त लावलं आणि मामंजींची क्षमा मागितली.

गया झाली तरी आमच्याकडे पितृपक्ष चुकवत नाहीत. त्या वर्षी गच्चीवर पान ठेवलं. खीर, वडे, सगळं मामंजींच्या आवडीचं. कावळा आला, कठड्यावर बसला, पानाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. अर्धा तास झाला. ह्यांनी पुढे होऊन सांगितलं, "बाबा, मागची भिंत दिवाळीच्या आत दुरुस्त करतो." कावळ्याने शेपूट दाखवली. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "काहून रुसले असतील? माझं काय चुकलं?"

भाऊजी पांढरेफटक. माझ्या कानाशी लागले, "वहिनी, बाबांना त्याची चटक तर नाही लागली?"

"जा पुढे," मी म्हटलं. "आई रडून राहिल्या. काय बोलायचं ते बोला त्यांच्याशी."

ते पानाजवळ वाकले, काहीतरी पुटपुटले. कावळा टुणकन खाली आला आणि वडा घेऊन उडाला.

"काय म्हणालास रे?" सासूबाईंनी विचारलं.

"मनातलं आहे, आई."

"असू दे. मनातलं चालतं."

मला मात्र जिन्यात सांगितलं, "म्हटलं, पुन्हा गेलो की तुमची ताटली लावतो."

माझ्या रोजच्या टिपणाच्या वहीत त्या दिवशी तिथी आहे, स्वयंपाक आहे, आणि 'कावळा पावणेएकला शिवला' एवढंच आहे. भाऊजींनी सुशी पुन्हा तोंडात घातली नाही. पण त्यानंतर दोनदा जपानला जाऊन आले. दोन्ही वेळा सासूबाईंनी विचारलं, "तिकडे बाबांची आठवण ठेवतोस ना?"

"जेवायला घेऊन जातो, आई," भाऊजी म्हणाले, आणि मी कढीचं पातेलं हलवायला वळले.