व्हरांड्याच्या फरशीवरचं परीक्षण

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी सकाळी माझ्या साडूंनी भिलाईच्या सेक्टर दहामधल्या आपल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात सायकेडेलिक ट्रान्स नावाच्या संगीताचा एक संग्रह पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत चालत ऐकला आणि त्यातलं माझ्या मुलाचं गाणं नापास केलं. मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी संगणकावर असलं संगीत तयार करतो, एवढं मला माहीत होतं. त्याचं एक गाणं परदेशातल्या मंडळींनी काढलेल्या संग्रहात आलं आहे, हे मला त्या व्हरांड्यात कळलं.

दुर्गपासून खुर्सीपारपर्यंत माझ्या साडूंइतक्या गोष्टी नापास केलेला दुसरा माणूस नाही. ते इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये रुळांच्या तपासणीवर आहेत. तयार रुळाच्या कडेनं चालत जायचं, खोट दिसली की खडूनं फुली मारायची आणि पुढे सरकायचं, हे काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. घरी आल्यावर ते हेल्मेट काढतात, खिशातला खडू काढत नाहीत. कॅम्प-1 वस्तीतल्या एका हॉलमध्ये आमच्या भंडाऱ्याकडच्या नात्यातलं लग्न होतं, तेव्हा नवरदेवाचे मामा बसणार त्या खुर्चीच्या पाठीवर त्यांनी फुली मारली. मामा बसले नाहीत. मग कुणीच बसलं नाही. शेवटची पंगत उठेपर्यंत ती खुर्ची स्टेजसमोर एकटी उभी होती आणि लग्नाच्या सगळ्या फोटोंत ती आहे. खुर्ची पुढे मोडल्याचं ऐकिवात नाही. बाजारात ते कलिंगड घेत नाहीत, कलिंगडाची चौकशी करतात. एकदा ढिगातली निम्मी फळं वाजवून झाल्यावर भाजीवालीनं हात जोडले आणि आपल्या छत्तीसगढीत विचारलं, "कतका ठोकबे गा? कलिंदर ए, तबला नोहय!" साडूंनी शांतपणे आणखी एक वाजवलं, "हे पास" म्हणाले आणि माझ्या पिशवीत टाकलं. घरी कापलं तर आतून पांढरं निघालं. माझी स्कूटरही त्यांनीच पास केली होती. शोरूमपासून पहिल्या चौकापर्यंत ती चालली.

तरीही लोक त्यांनाच विचारतात. कूलर घ्यायचा असो, मुलगी दाखवायला न्यायची असो, गणपतीच्या मंडपाचे बांबू असोत, निरोप सेक्टर दहात जातो. मला कुणी काही विचारत नाही, आणि माझं तर ते कामच आहे. नागपूरच्या एका मराठी दैनिकाला मी दुर्ग-भिलाईच्या बातम्या पाठवतो, आणि इथल्या मराठी मंडळांच्या गाण्याबजावण्याचं परीक्षणही मीच लिहितो. ते छापून आलं की कलाकाराच्या घरचे लोक कात्रण ठेवतात. इतरांनी वाचल्याची माहिती माझ्यापर्यंत आलेली नाही. साडू एक ओळ लिहीत नाहीत, पण मंडपात त्यांनी भुवई वर केली की साउंडवाला वायर तपासायला धावतो. याचा मला हेवा वाटतो. त्या रविवारपर्यंत तो आटोक्यात होता.

त्या दिवशी बायकोनं बहिणीसाठी कुरडयांचा डबा दिला होता, तो पोचवायला मी गेलो. व्हरांड्यात खिडकीच्या कट्ट्यावर स्पीकर ठेवलेला होता, आणि साडू बनियन-पायजम्यावर, हात मागे बांधून, मान खाली घालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. फरशीभर खडूच्या लांब आडव्या रेघा होत्या आणि रेघांवर जागोजागी फुल्या. मेहुणी दारातून म्हणाली, "भाऊजी, पाय जपून. तुम्ही दुसऱ्या गाण्यावर उभे आहात."

या संगीतात शब्द नसतात. ढोल एकाच चालीनं पडत राहतो, आणि त्यावर कधी पाण्यात बुडवलेल्या तारेसारखा, कधी चावी दिलेल्या खेळण्यासारखा आवाज गोल फिरतो. एक गाणं आठ-नऊ मिनिटं चालतं आणि संपायच्या आत पुढचं त्यात शिरतं. साडूंच्या दृष्टीनं तो एक लांबलचक रूळ होता. त्यांनी एकेका गाण्याला एकेक रेघ दिली होती. गाणं सुरू झालं की ते रेघेच्या या टोकाला उभे राहत, पुढे सरकेल तसे सरकत, आणि जिथे खटकेल तिथे वाकून फुली मारत. गाणं नऊ मिनिटांचं आणि व्हरांडा दहा-बारा पावलांचा, त्यामुळे चाल फार सावकाश होती. लांबून पाहणाऱ्याला माणूस काही हरवलेलं शोधतो आहे असं वाटलं असतं.

"या साडभाऊ," ते म्हणाले. "हे पहिलं पास. गाडी प्लॅटफॉर्मवरून सुटून राहिली, पन झटका नाही लागत. हे दुसरं पाहा, यानं लय आवाज टाकले. भेळ करून ठेवली. आन् हे, हे आपल्या धुमालवाल्यायले आयकवा लागते, वरातीत लोक घरी नाही जानार." मग ते मधल्या एका रेघेपाशी थांबले. "आता हे कोनाचं आहे सांगा."

"कुणाचं?"

"तुमच्या पोट्ट्याचं."

मी रेघेकडे पाहिलं. तिच्या अर्ध्यापर्यंत काही नव्हतं. पुढे तीन फुल्या होत्या.

"कावून, तुमाले नाही पाठवलं त्यानं?"

"नाही," मी म्हणालो.

"पाठवलं असन. नेट स्लो असन तुमच्याकडे."

त्यांनी ते गाणं पुन्हा लावलं. मी ते उभ्यानं ऐकलं. मला आवडलं. साडू माझ्या बाजूनं चालत होते आणि बोलत होते. "हा पाहा, इथपर्यंत सगळं बरोबर करून राहिला. ढोल बरोबर, तार बरोबर. मंग सगळ्यायले उभं करते. आता येते, आता येते, मोठं काही येते... आन् हा चपला घालून निघून जाते! घाबरला पोट्टा. हे नापास. पुन्हा करा लागते."

"पहिलंच आहे त्याचं," मी म्हणालो. "जरा सांभाळून सांगा."

"तुमी सांभाळा न. मले त्यानं सांभाळाले नाही पाठवलं."

मग त्यांनी स्टूल आणवलं, त्यावर चढून सगळ्या फरशीचा फोटो काढला आणि मुलाला पाठवला. फोटोत त्यांच्या डाव्या पायाचा अंगठाही आला होता. मेहुणीनं झाडू घेऊन उभ्या उभ्या विचारलं, "पुसू का आता?" ते म्हणाले, "थांब, त्याचं उत्तर येऊ दे." उत्तर लगेच आलं. मुलाचा फोनच आला, आणि साडूंनी तो स्पीकरवर टाकला. तो हसत होता. नापास झाल्याचं कळल्यावर माझा मुलगा इतका हसतो, हे त्याच्या शाळेच्या दिवसांत कधी दिसलं नव्हतं. "मावसाजी, वो दूसरी फुली एकदम कहाँ पे है?" तो विचारत होता, आणि साडू वाकून, बोटानं फरशी मोजत, त्याला सांगत होते. मी तिथे आहे हे साडूंनी सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. माझ्याशी मुलगा फोनवर बोलतो ते जेवलास का, झोप होते का, एवढंच असतं, आणि त्यातलंही बरंचसं मीच बोलतो. व्हरांड्यात ते दोघं बोलत राहिले. मी कुरडयांचा डबा आत ठेवला आणि चहा न घेता निघालो.

संध्याकाळी मी मुलाला फोन केला आणि विचारलं, की मला का पाठवलं नाहीस. "बाबा, रागावू नका," तो म्हणाला. "तुम्ही छानच म्हटलं असतं. तुम्ही सगळ्यांनाच छान लिहिता. मग मला कळणार कसं?"

हे वस्तुस्थितीला धरून आहे. माझ्या परीक्षणांत आजवर एकही कलाकार बेसूर झालेला नाही. सगळ्यांनी रसिकांना मंत्रमुग्ध केलं आहे. एका कार्यक्रमात पहिल्याच गाण्याला वीज गेली आणि आलीच नाही. तेव्हा रसिक अंधारात मंत्रमुग्ध झाले, असं मी लिहिलं होतं. एवढ्याशा गावात दुसरं लिहिता येत नाही. गायिकेचा दीर बँकेत भेटतो, तबलजी बायकोच्या भिशीतल्या बाईचा भाऊ असतो. हे सगळं मी मुलाला सांगितलं. "हो, ते बरोबर आहे," तो म्हणाला, आणि जेवलात का, असं विचारलं.

पुढच्या दिवसांत साडूंची कीर्ती वाढली. मुलानं फरशीचा फोटो मोठा छापून पुण्यातल्या खोलीच्या भिंतीवर लावला, असं बायकोनं सांगितलं. त्या भिंतीवर माझं एखादं कात्रण असल्याचं तिला आठवत नव्हतं. साडूंनी कॅन्टीनमध्ये सांगितलं की आपण आता म्युझिक लाइनमध्येही आहोत. त्यानंतर खुर्सीपारच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं त्यांना तालमीला बोलावलं. त्यांनी तिथे निवेदक नापास केला. एका हळदीकुंकवाला एक बाई मला म्हणाल्या, "तुमचे साडू गाण्याचं परीक्षण करतात न? तुमीही काही लिहिता काय?" मी हो म्हणालो. त्यांनी पुढे विचारलं नाही.

या काळात मी त्यांच्यातला दोष शोधत होतो. ताल आणि लय यातला फरक त्यांना सांगता येत नाही. हार्मोनियमला ते पेटीही म्हणत नाहीत, डबा म्हणतात. संग्रहातलं जे गाणं त्यांनी सर्वांत चांगलं ठरवलं, त्याला इतर ऐकणाऱ्यांनी सर्वांत कमी पसंती दिली होती. हे मी इंटरनेटवर तपासलं आणि त्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मंग त्यायनं चालून नसन पाहिलं." एवढं बोलून त्यांनी मला मुरमुऱ्याचा चिवडा दिला आणि त्यात मीठ कमी आहे का ते विचारलं. मीठ कमी होतं. मी छान आहे म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या वाटीत मीठ टाकलं.

मेमध्ये मुलानं ते गाणं नव्यानं केलं आणि आम्हा दोघांनाही एकाच वेळी पाठवलं. रविवार होता, दुपारच्या जेवणाआधीची वेळ. साडू स्कूटरवरून आमच्याकडेच आले. "सोबत आयकू," ते म्हणाले. आम्ही बैठकीत समोरासमोर बसून ऐकलं. गाणं संपलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांचे अंगठे वर केले. "पास! एक नंबर! आता नाही घाबरला." त्यांचे डोळे ओले होते. ते फोन खिशातून काढत होते, तेवढ्यात माझा वाजला.

"बाबा, ऐकलं?"

"ऐकलं."

"मग?"

साडू हातानं पास, पास अशी खूण करत होते. "शेवट चांगला झालाय," मी म्हणालो. मग म्हणालो, "मध्ये मात्र कंटाळा येतो."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"कुठे?" मुलानं विचारलं.

"ती घंटा वाजते ना, ती दुसऱ्यांदा येते तिथून. पहिल्यांदा पुरे होती."

"थांबा, लावतो. फोन ठेवू नका," तो म्हणाला.

"मले बी द्या न जरा," साडू म्हणाले. "मी सांगतो त्याले, ते घंटीचं तसंच राहू दे म्हना." मी हातानं थांबा म्हटलं आणि फोन घेऊन मागच्या खोलीत गेलो. मुलगा तेवढा तुकडा लावायचा, मी ऐकायचो, तो पुन्हा बदलून लावायचा. एकदा त्याला माझं पटलं नाही आणि तो मोठ्या आवाजात बोलला. मीही बोललो.

मी बाहेर आलो तेव्हा भात निवला होता. साडू गेले होते. जेवायला थांबा म्हटलं तर नको म्हणाले, असं बायकोनं सांगितलं. एरवी ते गेट उघडं टाकून जातात आणि गाय आत येते. त्या दिवशी परक्या पाहुण्यानं लावावी तशी गेटची कडी लावलेली होती.