नदीअलीकडची गावं

कॉलेजात इतिहास शिकवायला लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. वर्धा जिल्ह्यातल्या उजाड गावांवर मी प्रबंध लिहीत होतो. अशा जागेला आमच्याकडे रीठ म्हणतात. वस्ती उठून जाते, विहीर आणि एखादी चिंच तेवढी मागं राहते. सरकारी कागदांत या रिठांची नावं अर्धीमुर्धीच सापडायची. मग कुणीतरी सांगितलं, की पवनारच्या पुढे धाम नदीच्या काठी कापूस वेचणाऱ्या एका बाईला मरीमायचं लांबलचक गाणं येतं आणि त्यात सगळी जुनी गावं ओळीनं येतात.

गेलो. पन्नाशीची, काटक, फटकळ बाई. गावाबाहेरच्या वस्तीत राहायची. गाणं वेचणीतच येतं, घरी बसून येत नाही, म्हणाली. "अन् रिकाम्या हातानं मांगं मांगं फिरू नोका मास्तर, लोकं हासतात." तेव्हा मीही कमरेला ओटी बांधून तिच्या शेजारच्या ओळीत उतरलो. माझ्या ओटीत कापूस कमी आणि काडीकचराच जास्त. ती गायची: मरीमायचा गाडा निघतो, गाव येतं, देवी आत जाते, आणि गाडा ओढून आणणारी बाई शिवेवरच उभी राहते, तिला गावात मज्जाव. मग पुढचं गाव, पुन्हा तेच. दुपारी भाकरीच्या वेळी मी घाईघाईनं सगळं वहीत उतरवायचो. गाडा नदीपर्यंत आला आणि वेचणी संपली. "पल्याडचं पुढच्या सालाले," ती म्हणाली. इतका सुखाचा हिवाळा मला पुन्हा मिळाला नाही.

पुढच्या साली दसऱ्याला ती सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. वेचणी लागल्यावर मी पोचलो, तेव्हा तिच्या घरातला शेंदराचा कोनाडा चुना लावून पांढरा केलेला होता आणि त्यावर बुद्धाची छापील तसबीर होती. गाण्याचं विचारताच म्हणाली, "ते देव आमी नदीत सोडले. आता नाई म्हनत."

एवढ्यावर शहाणा माणूस उठला असता. मी हुज्जत घातली. देव राहू द्या, मला नुसती गावं हवीत, म्हणालो. वर्ध्याच्या वाचनालयात माझं भाषण ठरलंय, शहरातल्या लोकांना तुमचं गाणं ऐकवायचंय, असं आमिषही दाखवलं. आणि तिचं मन वळावं म्हणून भाषणासाठी केलेली स्वच्छ प्रत काढून वाचायला लागलो. चार गावं झाल्यावर तिनं हात वर केला.

"मंधातली ओळ काऊन नाई वाचली?"

"शिवेवरची? ते ध्रुपद आहे, बाई. सुरुवातीला एकदा पूर्ण लिहिलंय. पुढे नुसती खूण केली तरी समजतं."

"कोनाले समजते?"

मी प्रतीतल्या खुणांवरून बोट फिरवलं.

"देवी गावात गेली, ते तुमी दर खेपी लेहलं. मी शिवेवर उभी राह्यली, ते एकदाच. दर गावाले उभी होती मी, मास्तर."

लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला, कारण तिचं बरोबर होतं. तिच्या ओसरीवर बसून मी प्रत्येक गावाखाली ती ओळ पूर्ण लिहून काढली. ती ज्वारी पाखडत होती आणि वाचता येत नसलं तरी मधून मधून वहीकडे बघत होती. लिहून झाल्यावर मी धीर करून पुन्हा विचारलं, नदीपलीकडचं काय?

"पल्याडच्या शिवेवर बी मीच हाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्या बाईले म्या तितून घरी आनली. आता पुन्हा उभी नाई करत."

निदान भाषणाला तरी या, म्हणालो.

"मी कायले येऊ? मले पाठ हाय," असं म्हणून तिनं चहा पुढे केला.

वाचनालयात मी प्रत्येक गाव वाचलं आणि प्रत्येक गावाची शीव वाचली. चौथ्या गावाला पुढच्या रांगेत खोकले सुरू झाले. अध्यक्षांनी घड्याळ पाहून चिठ्ठी सरकवली, ध्रुपद गाळावे. मी गाळलं नाही. लोकांची चुळबुळ चालली होती आणि मला ती बाई तिथं इतकी हवी होती, की दार वाजलं की वाचता वाचता माझी नजर तिकडे जायची. ती आली नाही. नदीशी येऊन थांबलो, तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं, "पुढची गावं कोणती?" मला ठाऊक नाहीत, म्हणालो.

प्रबंधातही मग नदीअलीकडचीच गावं राहिली. ती बाई गेल्याचं मला फार उशिरा कळलं. पलीकडची रिठं मी पुढे पायी हिंडून पाहिली, त्यांच्या विहिरींत वाकून पाहिलं, भेटेल त्याला नाव विचारलं. कुणाला सांगता आलं नाही. ती नावं मला अजून हवी आहेत, आणि तिचा आवाज त्याहून जास्त. पण ती नावं ऐकायची तर तिला पुन्हा एकेका शिवेवर जाऊन उभं राहावं लागेल, आणि ते मला नको आहे.